नवख्या खेळाडूंसाठी रोलप्लेइंग गेम कसा चालवायचा? गेम मास्टरचे पहिले दोन तास



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानात रविवारी दुपारी गेम टेबल कसं लावायचं ते बघितलं. जागा, खुर्च्या, बुकिंग हे सगळं त्यात आलं. पण टेबलाच्या डोक्याशी बसून खेळ चालवायचा कसा, हा भाग व्हिडिओत मावला नाही, म्हणून तो इथे सविस्तर देतेय. तुमचं पुस्तकांचं दुकान असो, कॅफे असो किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये काही करायचं असो, पद्धत तीच आहे. तुम्ही स्वतः हा खेळ आधी खेळला नसाल तरी चालेल.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. नवीन माणूस दुसऱ्या रविवारी आला नाही की आपण म्हणतो, नियम अवघड वाटले असतील. माझ्या टेबलावर मला वेगळं दिसतं. माणूस नियमांना फारसा घाबरत नाही. "सगळ्यांसमोर आपलं हसं होईल" याला घाबरतो. नवीन गिऱ्हाईक मोठ्या शोरूमच्या दारातून परत फिरतं, तसंच हे. आत काय बोलायचं, काय विचारायचं हे माहीत नसतं, म्हणून पाऊल मागे येतं. तेव्हा गेम मास्टरचं पहिल्या दोन तासांतलं काम एकच: ही भीती घालवायची. खाली जे जे सांगितलंय ते सगळं यासाठीच आहे.

१. हा खेळ म्हणजे नेमकं काय?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण गेम मास्टर असतो, त्याला आपण जीएम म्हणू. तो जग सांभाळतो, म्हणजे गाव, माणसं, राक्षस, हवामान सगळं. हरणं-जिंकणं खेळाडूंमध्ये आपसात नसतं, सगळे एका बाजूला असतात.

या खेळांतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या गावातून बाहेर काढला. पहिली छपाई फक्त १,००० प्रतींची होती. धंदेवाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा!

त्याच्याही आधीची एक गोष्ट जीएमसाठी जास्त कामाची आहे. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला, नाव ब्राउनस्टाइन. सैन्य हलवण्याआधी त्याने प्रत्येकाला गावातली एकेक भूमिका दिली. मंडळी त्या भूमिकांमध्येच इतकी रमली की ठरवलेली लढाई बाजूलाच राहिली. नियमात नसलेलं काहीतरी प्रत्येक जण करायला मागत होता आणि वेस्ली जागच्या जागी निर्णय देत होता. त्याला वाटलं, खेळ फसला. खेळणारे म्हणाले, परत कधी खेळायचं? त्याच मित्रमंडळात आर्नेसन होता. म्हणजे या खेळाचा जन्मच "मी असं केलं तर?" या प्रश्नातून झालाय. नियमांची पुस्तकं नंतर आली.

आजही खेळाचं चक्र तीन पायऱ्यांचंच आहे:

- जीएम समोर काय आहे ते सांगतो.
- खेळाडू आपण काय करतो ते सांगतो.
- जीएम त्याचा परिणाम सांगतो. निकाल खरोखर अनिश्चित असेल तर फासा टाकला जातो.

एवढं जमलं की खेळ सुरू.

२. टेबल मांडण्याआधीची तयारी

खेळाडू चार ठेवा. तीन चालतील, पाच म्हणजे कमाल. सहा नवखे एकत्र बसवले की प्रत्येकाची पाळी येईपर्यंत चहा गार होतो. वेळ दोन तास, फार तर अडीच.

पात्रं तयार हवीत. नवीन माणसाला पात्र बनवायला बसवलं की पहिला तास फॉर्म भरण्यात जातो आणि तो मनात म्हणतो, बँकेत आलोय का? एका पानावर पात्राचं नाव, काम, चार-पाच जमणाऱ्या गोष्टी आणि हिट पॉइंट एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. पाच-सहा पात्रं मांडा आणि त्यातून निवडू द्या.

सामान कोणतं? डंजन्स अँड ड्रॅगन्सला ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. पण नवख्यांना पहिल्या दिवशी २० बाजूंचा आणि ६ बाजूंचा एवढे दोन दाखवले तरी भागतं. पेन्सिली, खोडरबर, कोरे कागद.

नियमांवर खर्च करायची घाई नको. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी ५.१ या नावाने मोफत मिळतात. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत. योग्य ते श्रेय छापलं की तुम्ही त्यांचं मराठी करू शकता, छापू शकता, विकूही शकता. पण विकत मिळणाऱ्या स्टार्टर सेटमधलं साहस या परवान्यात येत नाही. त्याच्या झेरॉक्स काढून वाटू नका, सेट विकत घ्या.

३. गोष्ट: एका पानाचं साहस

जीएमला कादंबरी लिहायची नसते. एक अडचण, एक घड्याळ आणि दोन-तीन जागा पुरतात. आणि परकं जग उभं करायची गरज नाही. "टॅव्हर्न" म्हटलं की नवखा गोंधळतो. धर्मशाळा, जत्रा, खाडी, बुरूज म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं, आणि चित्र दिसलं की बोलणं सुटतं.

हे साहस तसंच्या तसं वापरा:

अडचण: खाडीच्या तोंडाशी टेकडीवर जुना बुरूज आहे. त्यावर रोज रात्री तात्या तेलाचा दिवा लावतात. आज दिवा लागलेला नाही.

घड्याळ: पहाटे गावाच्या होड्या परत येतील. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. दिवा नसेल तर होड्या फुटतील.

काय घडलंय: दोन गॉब्लिन, म्हणजे बुटके, चोरटे प्राणी, रात्री जाळ्यातले मासे पळवतात. दिव्याच्या उजेडात ते दिसतात. म्हणून त्यांनी तेलाचे डबे आणि तात्या दोन्ही उचलून खालच्या गुहेत नेलंय.

जागा: बुरूज, पायवाट, गुहा. बस.

गुहेपर्यंत पोचवणाऱ्या खुणा तीन ठेवा: वाटेवर तेलाचे थेंब, चिखलात छोट्या पावलांचे ठसे, आणि खालच्या झोपडीतली मुलगी जिने आवाज ऐकलेत. जस्टिन अलेक्झांडर हा लेखक याला तीन खुणांचा नियम म्हणतो. एका निष्कर्षासाठी किमान तीन खुणा ठेवायच्या, कारण एक खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते वेगळाच अर्थ लावतात, तिसरी कामाला येते.

४. पहिली दहा मिनिटं

नियम समजावू नका. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला आपण कॅटलॉग वाचून दाखवत नाही, वस्तू हातात देतो. इथेही तसंच. फक्त तीन वाक्यं सांगा:

"मी सांगेन तुमच्या समोर काय आहे. तुम्ही सांगायचं तुमचं पात्र काय करतं. नियम लागला तर मी सांगेन, तुम्हाला काही पाठ करायचं नाही."

मग टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवा, त्यावर मोठी फुली. याला एक्स-कार्ड म्हणतात, जॉन स्टॅव्हरोपोलोस याने ते रूढ केलं. गोष्टीत कोणाला नको वाटेल असं काही आलं, उदाहरणार्थ कोळ्यांचा थवा किंवा बुडण्याचं वर्णन, तर त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग आपण गाळतो आणि पुढे जातो. कारण विचारायचं नाही. अनोळखी माणसं एकत्र बसवणाऱ्याने हे ठेवायलाच हवं.

त्यानंतर प्रत्येकाला एकच सोपा प्रश्न: "तुमच्या पात्राला तात्यांनी एकदा मदत केली होती. कशी?" याचं उत्तर चुकूच शकत नाही. पहिलं वाक्य तोंडातून निघालं की अर्धी भीती गेली.

आणि थेट दारात उभं करा. बघा:

जीएम: बुरुजाचं दार अर्धं उघडं आहे. आत काळोख. तेलाचा वास येतोय. काका, तुम्ही सगळ्यात पुढे आहात. काय करता?

काका: मी… म्हणजे, मला काय काय करता येतं?

जीएम: खरंच तिथे उभे असता तर काय केलं असतं?

काका: आधी हाक मारली असती. तात्या आहेत का म्हणून.

जीएम: मारा की मग! …आतून उत्तर नाही. पण वर काहीतरी पडल्याचा आवाज होतो, आणि एकदम शांतता.

इथे "तुमच्या पात्राला ही ही कौशल्यं आहेत" अशी यादी जीएमने वाचली नाही. काकांच्या साध्या शहाणपणाला त्याने खेळातली चाल मानलं. काकांना कळलं, आपल्याला हा खेळ येतो.

५. फासा कधी टाकायचा?

नवखा जीएम प्रत्येक गोष्टीला फासा मागतो. दार उघडायला फासा, जिना चढायला फासा. त्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे फसू शकतं का? फसलं तर गोष्टीत काही मजेशीर घडेल का? एकाचंही उत्तर "नाही" असेल तर फासा बाजूला ठेवा आणि सांगा, "झालं."

आता थोडं गणित, कारण इथेच नवख्यांचा हिरमोड होतो. २० बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचा बोनस मिळवायचा आणि जीएमने ठरवलेला आकडा गाठायचा. नियमांत १० म्हणजे सोपं, १५ म्हणजे मध्यम, २० म्हणजे अवघड. बोनस ३ धरा:

- आकडा १०: फाशावर ७ किंवा जास्त हवेत. यशाची शक्यता ७० टक्के.
- आकडा १२: ९ किंवा जास्त हवेत. ६० टक्के.
- आकडा १५: १२ किंवा जास्त हवेत. ४५ टक्के.

म्हणजे नावाला "मध्यम" असलेलं काम निम्म्याहून जास्त वेळा फसतं. नवख्यांच्या पहिल्या टेबलावर आकडा १० ते १२ ठेवा. कोणी डोकं लावून युक्ती काढली तर दोन फासे टाकू द्या आणि मोठा आकडा धरा. ४५ टक्क्यांची शक्यता त्याने जवळपास ७० टक्क्यांवर जाते. युक्ती केल्याचं फळ लगेच हातात दिसतं.

अजून एक सापळा. गुहेत लपून जायचंय, तर दारात एक फासा, मध्ये एक, आत एक असे तीन मागू नका. ७० टक्के शक्यता लागोपाठ तीनदा जमायला हवी असेल तर ती ३४ टक्क्यांवर येते. एका कामाला एक फासा.

६. फासा पडला कमी, तरी माणूस पडू देऊ नका

नवीन खेळाडूचा पहिलाच फासा २ पडतो. सगळे हसतात. जीएमही म्हणतो, "तू घसरून तोंडावर आपटलास." झालं, तो माणूस पुढचा तासभर गप्प.

अपयश परिस्थितीवर ढकला, पात्राच्या अकलेवर ढकलू नका. "तू उत्तम चढत होतास, पण जुना दगड निखळला. खाली आवाज गेला, कोणीतरी जागं झालंय." अपयश खरं राहिलं, गोष्ट पुढे गेली आणि माणसाची शान शाबूत.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात हे नियमातच बसवलंय. तिथे ६ बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करतात, त्यात बोनस मिळवतात. १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश. ७ ते ९ म्हणजे काम होतं पण किंमत मोजावी लागते. ही मधली पायरी कुठल्याही खेळात उसनी घ्या. आकडा एक-दोनने हुकला तर विचारा: "दार उघडेल, पण कंदील हातातून सुटेल. चालेल?" निर्णय खेळाडूच्या हातात राहतो.

७. गप्प बसणारी आणि थांबतच नाही असा

प्रत्येक टेबलावर ही जोडी असते. दोघांना सांभाळणं हे जीएमचं सगळ्यात मोठं कौशल्य, आणि दुकान चालवणाऱ्याला ते थोडंफार येत असतंच. काउंटरवर एक गिऱ्हाईक अर्धा तास बोलत असतं आणि मागे एक ताई मुकाट्याने उभी असते. तिच्याकडे आपण बघतो ना? तसंच बघायचं.

गप्प असलेल्याला "तू काहीच बोलत नाहीयेस" असं कधीच म्हणू नका. त्याच्या पात्राला काहीतरी दिसू द्या, आणि दोन पर्याय द्या:

"चिखलातले हे ठसे फक्त तुला दिसतात, कारण तुझं पात्र शिकारी आहे. इतरांना लगेच सांगतेस, की आधी स्वतः थोडं पुढे जाऊन बघतेस?"

आता तिच्याकडे अशी माहिती आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही. टेबल तिच्याकडे वळतं. तिने एका शब्दात उत्तर दिलं तरी ते गोष्टीत वजनदार ठरवा.

जो थांबतच नाही त्याचा उत्साह मारायचा नाही. "दादा, कल्पना भारी आहे, धरून ठेवा. तुम्ही गुहेच्या तोंडाशी पोचेपर्यंत मॅडम काय करतायत ते बघू." त्याचा मान राहिला, पाळी पुढे गेली. आणि तो दुसऱ्याचं पात्र काय करेल ते सांगायला लागला तर हसून एवढंच: "ते त्यांनाच विचारू या."

८. पहिली लढाई हलकी ठेवा

इथे स्टार्टर सेटचंच उदाहरण घेऊ. २०१४ च्या सेटमधल्या साहसात पहिलाच हल्ला चार गॉब्लिनचा आहे. त्या वर्षीच्या नियमांनी हिशोब करू. एक गॉब्लिन ५० गुणांचा, चार म्हणजे २००. तीन ते सहा शत्रू एकत्र असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. आणि पहिल्या पातळीच्या चार खेळाडूंसाठी "जीवघेणी" लढाई सुरू होते ती बरोबर ४०० पासून. गॉब्लिनचा एक वार सरासरी ५ हिट पॉइंट खातो, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे असतात साधारण ७-८. दोन वारांत तो आडवा.

जाणत्या टेबलाला हे थरारक वाटेल. पहिल्यांदा आलेला माणूस मात्र पंधराव्या मिनिटाला बेशुद्ध पात्र घेऊन इतरांचा खेळ बघत बसतो. म्हणून आपल्या साहसात दोनच गॉब्लिन आहेत. त्यांचा हिशोब १५० येतो, म्हणजे सोपी ते मध्यम यांच्या अधेमधे.

शिवाय त्यांना काहीतरी हवंय, मासे. म्हणजे लढाईशिवाय वाटा आहेत. बोलणी करा, रोज टोपलीभर मासे कबूल करा, फसवा, घाबरवा. एक गॉब्लिन पडला की दुसरा पळून जाऊ द्या. शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढाई ताणली की टेबल कंटाळतं.

९. शेवट वेळेवर करा

दोन तासांची मोजणी अशी धरा: १० मिनिटं ओळख, ३० मिनिटं बुरूज, २० मिनिटं पायवाट, ४० मिनिटं गुहा, शेवटची २० मिनिटं दिवा आणि निरोप. उशीर झाला तर पायवाट कापा, शेवट कापू नका. दिवा पेटला, होड्या आत आल्या, हे सगळ्यांनी ऐकूनच उठलं पाहिजे. अर्धवट गोष्ट घेऊन घरी गेलेला नवखा "पुढे काय?" असं क्वचितच विचारतो. आपला वेळ वाया गेला असं त्याला वाटतं.

उठण्याआधी प्रत्येकाबद्दल एक वाक्य तुम्ही बोला. "काका, तुमच्या हाकेमुळे वरचा आवाज कळला." "ताई, ठसे दिसले नसते तर आपण अजून बुरुजातच असतो." मोघम कौतुक नको, नेमकी गोष्ट सांगा. माणूस घरी जाऊन हेच सांगतो.

आता ट्रेनर म्हणून एक सूचना. वहीत दोन रकाने आखा: "पहिल्यांदा आले" आणि "परत आले". टेबल भरलं की आपण खूश होतो, पण पहिला रकाना जाहिरात भरते. दुसरा रकाना गेम मास्टर भरतो. दुकानाची रविवारची दुपार दुसऱ्या रकान्यावर चालते, कारण परत येणारा माणूसच फासे विकत घेतो, पुस्तक मागतो आणि मित्राला घेऊन येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

- वरचं साहस स्वतःच्या हाताने एका पानावर लिहा. गावाचं, माणसांचं नाव तुमचं घाला.
- पाच पात्रांचे कागद तयार करा.
- घरच्याच तिघांना बसवून पहिली २० मिनिटं, फक्त बुरूज, खेळून बघा. "काय करता?" हा प्रश्न किती वेळा विचारला ते मोजा. दहाच्या खाली असेल तर तुम्ही जास्त बोलताय.

पुढच्या व्हिडिओत टेबलाची फी कशी ठरवायची ते बघू. तोपर्यंत फासे गोळा करा, आणि टेबलावर सगळ्यात घाबरलेला कोण आहे तिकडे आधी बघा.